आखाजीला मोजा, भरताच्या दिवसांत बुजवा: सागवानी फर्निचरच्या भेगा

मे महिन्यातली दुपार, अडीचचा सुमार. जळगावात पारा पंचेचाळीसला टेकलेला, कूलरची घरघर चालू, घरातले सगळे आडवे झालेले. तेवढ्यात बाहेरच्या खोलीत कोणी नारळ फोडावा तसा आवाज झाला. जाऊन बघते तर जेवणाचं टेबल मधोमध हातभर तडकलेलं. पाच रुपयांचं नाणं तड्यात उभं घातलं, तर अलगद आत गेलं. टेबल जेमतेम आठ-नऊ महिन्यांचं, गणपतीच्या आधी हौसेनं करून घेतलेलं अस्सल सागाचं.

मी त्याच संध्याकाळी लाकडाचा भुसा आणि फेविकॉल कालवून तो तडा लिंपून टाकला. पुढच्या मे महिन्यात लिंपणाच्या अर्ध्या इंचावर दुसरा तडा गेला. मग अमळनेरकडचे एक म्हातारे मिस्त्री आले. त्यांनी आधी वरून पाहिलंच नाही, टेबल उलटं करायला लावलं. खालच्या चौकटीला फळ्या फेविकॉलनं चिकटवून वर स्क्रूनं आवळलेल्या होत्या. म्हणाले, "ताई, येले हालाले जागाच नही ठेयी."

तेव्हापासून दहा-बारा वर्षं मी सुट्टीच्या दिवशी घरचं, नातलगांचं, शेजाऱ्यांचं लाकूडकाम दुरुस्त करत आले आहे. हा लेख पहिल्यांदाच भेग बुजवायला बसणाऱ्यासाठी आहे. प्लायवूड किंवा एमडीएफच्या कपाटांना यातलं फारसं काही लागू नाही.

लाकूड हलतं म्हणजे किती?

पॉलिश मारलं म्हणून लाकडाची हवेशी देवघेव थांबत नाही, फक्त मंदावते. पावसाळ्यात ते हवेतला ओलावा घेऊन फुगतं, उन्हाळ्यात तो सोडून आकसतं. लांबीत हा फरक नगण्य असतो, सगळा खेळ रुंदीत चालतो. आणि आपल्या खानदेशात तो जरा जास्तच चालतो, कारण मे महिन्याच्या दुपारी हवेतली आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास उतरते आणि श्रावणात ८० च्या वर जाते. कोकणातलं लाकूड बारा महिने दमट हवेत राहतं. आपल्याकडचं वर्षातून एकदा भाजून निघतं आणि एकदा भिजतं.

हिशेब सोपा आहे. फळीचं तोंड, म्हणजे आडवा कापलेला टोकाचा भाग बघा. तिथे झाडाची वलयं कमानीसारखी आडवी दिसत असली, तर सागाची ती फळी लाकडातल्या ओलाव्याच्या दर एक टक्क्याच्या फरकाला रुंदीत साधारण ०.१९ टक्के बदलते. वलयं उभ्या रेघांसारखी दिसत असली, तर जवळपास निम्मीच, ०.१ टक्का. आता आडव्या वलयांच्या फळ्यांचं ९० सेंटिमीटर रुंदीचं टेबल घ्या. पावसाळ्यात त्याच्या लाकडात १२-१३ टक्के ओलावा असला आणि मे महिन्यात तो ७-८ वर आला, तर पाच टक्क्यांचा फरक पडला. टेबल साडेआठ मिलिमीटर आकसणार. सागाची ही गत, तर आंबा आणि बाभळीकडून फार आशा ठेवू नका. साग मुळातच कमी हलणाऱ्या लाकडांपैकी आहे.

साडेआठ मिलिमीटर आकसायला मोकळीक असली तर काही होत नाही. माझ्या टेबलासारखं दोन्ही कडांना जखडून ठेवलं, की ते मधे फाटतं.

पायरी पहिली: भेगेची जात ओळखा

नवखा माणूस भेग दिसली की डबा उघडतो. आधी बघा ती कुठे आहे.

फळीच्या टोकाला दोन-तीन इंच शिरलेली भेग असते, ती टोकाकडून ओलावा भराभर निघून गेल्याची खूण. लाकडाच्या टोकातून पाणी बाजूंच्या मानानं दहा-पंधरा पट वेगानं जातं. दोन फळ्यांच्या मधली सरळ रेघ म्हणजे सांधा सुटलेला. तिला तडा म्हणू नका, तिथे डिंक (म्हणजे फेविकॉल) हरलाय, लाकूड शाबूत आहे. पृष्ठभागावर केसासारख्या बारीक, उथळ चिरा असतात, त्या दिसायला वाईट पण निरुपद्रवी. आणि फळीच्या अंगातून रेषेरेषेनं वेडावाकडा गेलेला आरपार तडा, तो खरा दुखणेकरी. असा तडा दिसला तर फर्निचर उलटं करून लाकूड कुठे अडकलंय ते शोधायचं.

भेगेच्या आसपास पिठासारखा बारीक भुसा पडत असेल, तर प्रकरण किड्याचं आहे. आधी कीडनाशकाचं काम, बाकीचं नंतर.

पायरी दुसरी: घाई करू नका, मोजा

लोकांना सगळ्यात नावडती पायरी हीच. भेग सगळ्यात रुंद दिसते ती आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला. अंगणात झोके बांधलेले असतात, सासुरवाशिणी माहेरी आलेल्या असतात, पाहुण्यांच्या नजरेला ती भेग पडते आणि आपल्याला ती आजच्या आज बुजवायची असते. नेमकं तेव्हा ती बुजवायची नाही. मे महिन्यात कडक लांबीनं (पुट्टीनं) गच्च भरलेली भेग पावसाळ्यात मिटायला बघते. मधे पाचर बसलेली, मग फुगणारं लाकूड स्वतःलाच चेपून घेतं किंवा दुसरीकडे फाटतं. पुढच्या उन्हाळ्यात ते आणखी आकसतं. मी लिंपलेल्या जागेशेजारी दुसरा तडा गेला तो असा.

भेगेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीनं एक-एक बारीक खूण करा. आखाजीला त्या खुणांमधलं अंतर मोजून टेबलाच्या खालच्या अंगालाच लिहून ठेवा. पोळ्याला, म्हणजे पावसाळा मुरल्यावर, पुन्हा मोजा. दोन्ही आकडे सारखेच असतील तर भेग थांबलेली आहे, ती भरून टाकता येते. पोळ्याला भेग मिटून रेघ झाली असेल, तर ती ऋतूबरोबर उघडझाप करणारी आहे. तिला आधी मोकळीक द्यायची.

दुरुस्तीचा हंगाम दिवाळीनंतरचा. शेतात भरताच्या पार्ट्या सुरू झाल्या की समजा लाकूड ना फार ओलं, ना फार कोरडं, मधल्या मापावर आलंय. काड्यांच्या धगीवर वांगी भाजली जातायत तोवर डिंकालाही सुकायला पुरेसा वेळ मिळतो. मे महिन्यात फेविकॉल भेगेत पुरता उतरायच्या आत वरून साय धरतो.

मोकळीक द्यायची म्हणजे काय करायचं

टेबल, दिवाण, चौरंग, काहीही असो, उलटं करा. वरची फळी खालच्या आडव्या पट्टीला कशी धरलीय ते बघा. स्क्रू असतील तर मधला एक तसाच ठेवा. बाकीच्यांची भोकं पट्टीमध्ये लांबट करा, फळीच्या रुंदीच्या दिशेनं दोन्हीकडे चार-पाच मिलिमीटर सरकता येईल इतकी. स्क्रूखाली वॉशर टाका आणि आवळताना हात राखा. फळी बसली पाहिजे, पण ढकलली तर सरकली पाहिजे. चिकटवलेलं असेल तर पातळ पटाशीनं किंवा करवतीच्या पात्यानं तो सांधा सोडवावा लागतो. अवघड वाटलं तर एवढंच काम मिस्त्रीला द्या.

दाराच्या किंवा कपाटाच्या चौकटीतल्या फळीचंही तसंच. ती खाचेत नुसती बसलेली हवी, डिंक न लावता. जुन्या वाड्यांची दारं शंभर वर्षं टिकली ती आतल्या फळ्या खाचेत सुट्या होत्या म्हणून. वरून तेलरंगाचे सात-आठ हात बसले की रंगच डिंकाचं काम करतो आणि फळी जखडते. अशा वेळी खाचेच्या कडेनं धारदार पातं फिरवून रंग तोडा. पाच मिनिटांचं काम आहे, पण एक दार वाचतं.

माझ्या टेबलाचं एवढंच केलं. पोळ्यापर्यंत तडा आपसूक निम्मा झाला.

आता दुरुस्ती

केसासारख्या चिरांना मेण पुरतं. मधमाशीचं मेण मंद आचेवर, भांडं गरम पाण्यात ठेवून वितळवा, त्यात लाकडाशी जुळणारा थोडा रंग मिसळा, कोमट असताना चिरेत दाबा आणि जुन्या एटीएम कार्डानं खरवडून घ्या. मेण मऊ राहतं, म्हणून लाकूड हललं तरी कटकट करत नाही. आपल्या उन्हात ते जरा पाझरतं, तेव्हा खिडकीसमोरच्या वस्तूला नको.

भुसा आणि फेविकॉलच्या लगद्याबद्दल स्पष्टच सांगते. निम्मे सुतार तो वापरतात, मीही वापरलाय, पण वरून पॉलिश मारायचं असेल तर नको. वाळलेला फेविकॉल पॉलिश पीत नाही. कितीही घासा, तिथे काळपट किंवा पिवळट डाग राहतोच. भुसाच वापरायचा तर त्याच लाकडाचा, बारीक चाळलेला, आणि चपडा लाखेच्या (शेलॅकच्या) दाट पॉलिशमध्ये कालवलेला.

मोकळीक दिल्यावर उरलेला आरपार तडा चिकटवायचा असेल, तर असं करा.

पहिलं, आतली घाण काढा. जुन्या मेणाचा थर, धूळ, पूर्वीच्या लांबीचे तुकडे, सगळं. पातळ करवतीचं पातं किंवा पॉलिश पेपरची घडी आत घालून ओढा. सागाच्या अंगात तेल असतं, त्यामुळे डिंक धरत नाही. म्हणून चिकटवायच्या अगदी आधी थिनरमध्ये बुडवलेलं फडकं आतून फिरवा आणि उडून जाऊ द्या. खिडक्या उघड्या ठेवा, गॅस बंद.

दुसरं, डिंक न लावता शिकंजे (क्लॅम्प) आवळून बघा. ही रंगीत तालीम कधीच चुकवू नका. बेताच्या जोरात तडा मिटला तर पुढे चला. अंगातली सगळी ताकद लावून मिटत असेल, तर तो चिकटवू नका. आज मिटेल, आणि मे महिन्यात त्याच जोरानं दुसरीकडे उघडेल. तिथे पाचर भरायची, ते खाली येतंच.

तिसरं, तड्याच्या दोन्ही कडांना चिकटपट्टी लावा, म्हणजे बाहेर आलेला डिंक लाकडात मुरणार नाही. मग डिंक वरून ओता. पण ओतला म्हणजे आत गेला असं नाही. जाड दोरा घ्या, गोधडी शिवायचा असतो तसा. तो तड्यात घालून करवतीसारखा मागेपुढे ओढत तड्याच्या टोकापर्यंत न्या. दोरा बाहेर काढल्यावर त्याची पूर्ण लांबी पांढरी झालेली दिसली पाहिजे. टोकाशी दोरा शिरत नसेल, तिथे खालच्या बाजूनं व्हॅक्यूम क्लीनरचं तोंड लावून वरचा डिंक ओढून घेता येतो, फक्त नळीच्या तोंडाला कापड बांधा. डिंक खालच्या अंगाला थेंब-थेंब दिसायला लागला की थांबा.

चौथं, आवळा. शिकंजा आणि लाकूड यांच्यामध्ये लाकडाचे टाकाऊ तुकडे घाला, नाहीतर शिकंज्याचे दात उमटतात. लांब शिकंजे नसतील तर दोन्ही कडांना वेढा घालून दोरी बांधा आणि दोरीत काठी अडकवून पीळ द्या. गोल पायाला किंवा खुर्चीच्या पाठीला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळा, तिच्याइतकं एकसारखं दाबणारं दुसरं काही नाही. तासाभरात डिंक पकड घेतो, पण चोवीस तास हात लावू नका. चिकटपट्टी मात्र डिंक अर्धवट सुकलेला असतानाच काढा.

न मिटणाऱ्या रुंद भेगेला पाचर. त्याच जातीच्या लाकडाचा, रेषा भेगेच्याच दिशेनं धावणारा, खाली निमुळता होत गेलेला लांब काप रंध्यानं करून घ्या. भेग हलती असेल तर पाचरीच्या एकाच अंगाला डिंक लावा. दुसरं अंग कोरडं राहिलं की उन्हाळ्यात तिथे बारीक रेघ दिसेल, आणि पावसाळ्यात ती जाईल. ही रेघ सहन करायला शिकावं लागतं. थांबलेली भेग असेल तर दोन्ही अंगांना लावा. मग पाचर रंध्यानं सपाट करा, पण शेवटचा कागदाएवढा थर पॉलिश पेपरला ठेवा.

तडा पुढे सरकत चालला असेल तर त्याच्यावर आडवी, डमरूच्या आकाराची खिट्टी बसवतात. तिच्या लाकडाच्या रेषा तड्याला काटकोनात हव्यात, नाहीतर कमरेत मोडते. जाडी फळीच्या निम्म्यापर्यंत. खाच पटाशीनं कोरायची असल्यानं पहिल्याच प्रयत्नाला आजीच्या चौरंगावर हात चालवू नका, टाकाऊ फळीवर दोन-तीन करून बघा. माझी पहिली डमरू इतकी सैल बसली होती की तिच्या कडेची फट मूळ तड्यापेक्षा मोठी होती.

नवं करून घेताना

वखारीत "एकदम वाळलेलं आहे" हे वाक्य फुकट मिळतं. ओलावा मोजायचं पिनचं छोटं यंत्र मिळतं, ते घ्या किंवा घरीच काढा. फळीच्या टोकापासून फूटभर आतला एक तुकडा कापून घ्या, टोकाचा नको, तो आधीच वाळलेला असतो. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा. जळगावात राहून सराफाचा काटा आठवेल, पण एक ग्रॅमचा फरक दाखवणारा काटा पुरतो. मग ओव्हनमध्ये शंभर अंशाच्या जरा वर ठेवा आणि तासातासानं वजन बघा. वजन उतरायचं थांबलं की झालं. समजा, आधी २५० ग्रॅम होतं आणि शेवटी २१५ भरलं. गेलेले ३५ ग्रॅम भागिले २१५, म्हणजे सोळा टक्क्यांच्या वर ओलावा. इथल्या घरातल्या फर्निचरला आठ ते दहा हवा. सोळाचं लाकूड घेऊन टेबल केलं तर मे महिन्याची वाट बघा.

फळीच्या तोंडावर झाडाचा मधला ठिपका दिसत असेल, तर ती फळी नाकारा. लाकूड वलयांच्या कडेनं जेवढं आकसतं, त्याच्या निम्मंच मध्यापासून बाहेरच्या दिशेनं आकसतं, त्यामुळे मध्य धरलेली फळी कधीतरी फाटतेच. हल्ली ओंडक्याच्या गोल चकत्यांची टेबलं निघाली आहेत, ती पापडाच्या तुकड्यासारखी एका बाजूला उघडतात, त्याचं कारणही हेच.

शेतातला स्वतःचा साग कापणार असाल, तर आधी वनखात्याची परवानगी घ्या. १९६४ च्या झाडतोड नियमनाच्या कायद्यात साग येतो. कापल्यावर फळ्यांच्या टोकांना त्याच दिवशी तेलरंग किंवा मेण फासा. सावलीत, खाली विटा देऊन, दोन फळ्यांमध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून चळत लावा. इंचभर जाडीला सुमारे एक वर्ष, हा जुना अंदाज अजून चालतो. ओल्या फळ्या एप्रिलमध्ये उघड्यावर मात्र टाकू नका. रावेर-यावलचे केळीवाले उन्हाळ्यात बागेच्या कडेनं नेट बांधतात ते गरम वाऱ्याला अडवायला. ओलं लाकूडही उन्हाइतकंच वाऱ्यानं फाटतं.

पॉलिश करताना खालचं अंग आणि टोकं विसरली जातात. फक्त वरून पॉलिश असलं तर खालून ओलावा ये-जा करत राहतो आणि फळी वाटीसारखी वाकते. टोकांना एक हात जास्तीचा.

घरात ठेवताना

कूलरचा झोत सरळ फर्निचरवर येऊ देऊ नका. रात्रभर एक अंग ओल्या वाऱ्यात, दुसरं भिंतीकडे कोरडं, सकाळी कूलर बंद आणि दुपारी लू, यात चांगली चांगली कपाटं वाकली आहेत. पश्चिमेच्या भिंतीपासून फर्निचर वीतभर दूर ठेवा. पत्र्याच्या खोलीत सागाचं काही ठेवूच नका.

जवसाचं तेल लावत असाल तर एक लक्षात ठेवा: तेलाचं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकलं तर ते आपोआप तापत जाऊन पेट घेऊ शकतं, आणि आपल्या उन्हाळ्यात ही भीती जास्तच. पसरून दोरीवर वाळवा किंवा पाण्यात भिजवून मग टाका.

पाट, पोळपाट, काठवट

खानदेशात श्रावणात बसवतात त्या कानबाई देवीचा चौरंग वर्षभर माळ्यावर पत्र्याखाली भाजतो आणि श्रावणात एकदम खाली येऊन धुतला जातो. तो माळ्यावरून काढून खोलीत कापडात गुंडाळून ठेवा आणि धुण्याऐवजी पिळलेल्या फडक्यानं पुसा.

पोळपाट-काठवट धुतल्यावर उभी करून सावलीत निथळू द्या, उन्हात नाही. भाकरीची काठवट तडकली तर इपॉक्सी किंवा फेविकॉल लावून पुन्हा तिच्यात पीठ मळू नका, ते खाण्यात येतं. आमची बाल्कनीत ठेवली आहे, तिच्यात लसूण वाळतो.